शिवण कुठे घालायची

जग आधी एका चौकोनात मावतं.
दोनशे छप्पन्न ठिपके आडवे, तेवढेच उभे.
मग एकाचे चार, चाराचे सोळा,
नवव्या पायरीला दोन लाख बासष्ट हजारांच्या वर तुकडे,
आणि उनाइसीच्या टेबलाखालचा जुना संगणक
गिरणीसारखा घरघरत ते दळत बसतो.

सुवामधलं सरकारी ऑफिस, रात्रीचे अकरा.
बंदरात टूनाची एक बोट दिवे लावून उभी.
पडद्यावर आकडे सरकतात:
शून्य, टिंब टिंब टिंब, दहा, टिंब टिंब टिंब, वीस.
अवजार फुकटचं. ज्यांनी लिहिलं त्यांना ती ओळखत नाही,
पण कोडच्या पोटात एकाने लिहून ठेवलंय:
"हे का चालतं मला कळलेलं नाही. हात लावू नका."
तिने लावलेला नाही.

पहाटे ती तावेउनी शोधते.
आईचं बेट.
सापडतं, पण दोनदा.
पूर्वेचा भाग शून्याव्या रांगेत,
पश्चिमेचा पाचशे अकराव्या,
आणि मध्ये अमेरिका, आफ्रिका, अख्खा आशिया
पाय पसरून बसलेला.
दोन्ही कडा जोडल्या तर सांध्यावर काळी रेघ.
एकच ठिपका जाड.

नवव्या पायरीला तिथला एक ठिपका म्हणजे तीनशे मीटर.
तीनशे मीटरांत काय काय बसतं ते तिला पाठ आहे:
चर्च, व्हॉलीबॉलची जाळी, मामाचे दालोचे वाफे,
वादळानंतर बांधलेलं पत्र्याचं घर,
त्या घरात या वेळी जागी झालेली एक बाई.

"आई, तू नकाशात नाहीस."
"बरं झालं. पाहुणे कमी येतील."
फोन खांद्याला दाबून ती चटई विणते आहे,
पात्यांची सळसळ ऐकू येते.
"रेघ आपल्यावरूनच का गेली गं?"
"तिकडे पाणीच आहे म्हणाले असतील.
तिथे कोण राहतं, म्हणाले असतील."
सळसळ थांबते.
"चटईला कड असणारच, बाई. कुठेतरी असणारच."

उनाइसी मध्यरेखा उचलून एकशे ऐंशीवर आणते.
तावेउनी सांधली जाते,
जखम भरावी तशी नाही, कधी फाटलीच नव्हती तशी.
आता कड शून्यावर.
ती जरा बारीक चित्र उघडते, सहज.
घानात, टेमा बंदराशी,
रेघ शाळेच्या मैदानातून जाते.
पांढरा गोलपोस्ट एकीकडे, दुसरा जगाच्या पलीकडे.
टेमात ती कुणालाच ओळखत नाही.
तरी चहा गार होईपर्यंत तशीच बसते.

मग दीडशे पूर्व.
कड सरकून अटलांटिकमध्ये पडते,
अझोरच्या दोन बेटांमधून अंग चोरून निघते,
खाली मैलोन्मैल पाणी,
वर ग्रीनलंडचा बर्फ.
बाकीच्या जगाचे नकाशे यावर बसायचे नाहीत,
तुइलोमासाहेब सोमवारी तेच म्हणतील.
म्हणू देत.

फाईलच्या डोक्यावर ती टीप लिहू लागते:
"शिवण तीस पश्चिमेला घातली आहे,
कारण तिथे कोणी राहत"

बोट तिथेच थांबतं.
बर्फाचा चौकोन ती मोठा करते, आणखी मोठा.
पांढरं. राखाडी. एक काळपट खूण,
खडक असेल, सावली असेल,
झोपडीही असेल.

ती ओळ पुसून नवी लिहिते:
"शिवण तीस पश्चिमेला घातली आहे.
तिथे कोण राहतं ते मी पाहिलेलं नाही.
तुम्ही राहत असाल तर कळवा, सरकवीन."
खाली स्वतःचं नाव, ऑफिसचा नंबर,
आणि ऑफिस बंद असेल तर म्हणून
आईचा.

एंटर.
शून्य, टिंब टिंब टिंब.