डावा की उजवा

दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी
आर्ब्रोथच्या बंदरामागे, मासे धुरवायच्या शेडला लागून
जी खोली आहे, तिथे आम्ही जमतो.
अकरा जण. थंडी फार असली तर सात.
कोटांत हॅडॉकचा वास मुरतो
आणि शुक्रवारभर घरात आपल्यामागे फिरतो.
इतिवृत्त मी लिहिते.
विषय क्रमांक एक, गेली चौदा वर्षं तोच:
'वेदरलाइट' यानाच्या कप्तानाचा
नेमका कुठला हात तुटला?

तिसऱ्या पर्वात तुटला, एवढं सर्वमान्य.
सातव्यात तो डाव्या हाताने दार ढकलतो.
अकराव्यात उजव्याने सही करतो, ठसठशीत.
एकोणिसाव्यात तर
दोन्ही हातांनी फिडल वाजवतो
लेकीच्या लग्नात,
जी लेक पाचव्या पर्वात भाची होती.

ड्युगल्ड म्हणतो, हात परत उगवला असणार.
परक्या ग्रहाचं पाणी, काय सांगावं.
इशबेल गौरी तीस वर्षं दाताच्या दवाखान्यात होती,
ती म्हणते, दात उगवत नाही पन्नाशीत
आणि हात उगवतो?
या हाताचं त्या हाताला कळू नये म्हणतात ते दानाबद्दल,
इथे पटकथेतच तसं चाललंय.
(लेखक बदलले, त्यांनी मागचं पाहिलंच नाही,
असं म्हणायला या खोलीत बंदी आहे.
ते खरं आहे म्हणूनच.)

शेजारच्या शेडमध्ये मासे भरणारी ब्रोन्या
मार्चपासून यायला लागली.
ती म्हणाली, मी एकोणिसाव्या पर्वापासून बघते,
माझ्या कप्तानाला पहिल्यापासून दोन हात आहेत.
कुणी काही बोललं नाही.
कुणीतरी बिस्किट मोडलं, तेवढा आवाज.

मूळ भाग आता कुणीच बघू शकत नाही.
चॅनेलने तेव्हाच टेप पुसली
आणि तिच्यावर घोड्यांची शर्यत भरली.
उरलाय तो फक्त आवाज:
नऊ वर्षांच्या रॅनल्डने
टीव्हीसमोर पोटावर पडून, माइक धरून
घरच्या रेकॉर्डरवर पकडलेला.
खरखर, स्फोट, पुन्हा खरखर,
मग कप्तान ओरडतो, "माझा..."
आणि तेवढ्यात स्वयंपाकघरातून
रॅनल्डची आई:
"रॅनल्ड, बटाटे निवतायत!"
"...हात!" म्हणतो कप्तान.

एवढाच पुरावा.
दर सभेत तो एकदा लागतो, तसा ठरावच आहे.
आणि त्या जागी आम्ही सगळे, ब्रोन्यासुद्धा आता,
ओठांतल्या ओठांत म्हणतो, बटाटे निवतायत.
त्या वाक्याबद्दल कधी वाद झालेला नाही.
त्या बाईला आमच्यापैकी कुणी पाहिलेलं नाही.
चौसष्टाव्या वर्षी ती गेली, बंदरावर बर्फ होता तेव्हा,
एवढं मात्र ड्युगल्डने एकदा परस्पर सांगितलं.

रॅनल्ड स्वतः कोपऱ्यात बसतो, हीटरजवळ.
चौदा वर्षांत त्याला कुणी विचारलं नव्हतं,
म्हणजे असं सरळ. लाज वाटायची.
काल ब्रोन्याने विचारलं:
तुम्ही तर बघत होतात ना, पडद्यावर?
कुठला होता?

त्याने टोपी काढली, पुन्हा घातली.
म्हणाला, मी नव्हतो बघत.
आईने हाक मारली म्हणून मान वळवली होती.
ती दारात उभी होती, बशी घेऊन.

सगळे गप्प. मग ड्युगल्ड,
वाईट हेतूने नाही, निव्वळ सवयीने:
कुठल्या हातात?

रॅनल्डने खूप वेळ घेतला.
शेडमधून लाकडाचा धूर येत होता.
"उजव्या," तो म्हणाला.
मग स्वतःचेच दोन्ही हात समोर धरून,
एक जरा वर, त्यावर नसलेली बशी तोलत,
"नाही. थांबा."

आम्ही थांबलो आहोत.
मी पेन अजून कागदाला टेकवलेलं नाही.