चाकातली हवा

कुळ्याच्या स्टँडवर तेविसावी जीप माझी.
मागे सहा जण, नारिंगी जाकिटांत,
एकाच्या पिशवीत उकडलेली अंडी.

निघण्याआधी मी अजून वाकतो
चाकापाशी, झडप दाबायला.
दुबईची अकरा वर्षांची खोड:
वाळूत शिरताना हवा अर्धी सोडायची,
मग गाडी होडीसारखी तरंगते,
बायका किंचाळतात, पोरं ओकतात,
आणि सूर्य बुडताना सगळे
फोटोपुरते गप्प.

तिथे विचारायचे, तुझ्या गावात काय बघण्यासारखं?
पाणी, म्हणायचो.
हसायचे. पाणी काय बघायचं?

आज शारजाहून आलेले एक म्हातारे
ओहोळाच्या मधोमध म्हणाले, जरा थांबव.
पाणी पायरीला लागलेलं,
मागच्या जीपवाल्यांचे हॉर्न.
त्यांनी हात बाहेर काढला,
ओंजळ नाही केली,
नुसती बोटं बुडवली.
मीही पहिल्या दिवशी
वाळूत अशीच खुपसली होती,
खरी आहे का बघायला.

धबधबा अजून लांब होता.
तो त्यांनी धड पाहिलाही नाही.

संध्याकाळी पावत्या मोजता मोजता
दुमिंग म्हणाला,
पुनो, तुझ्या मागच्या चाकात
हवा कमी दिसते रे.