अजून एक आटा

मागच्या ब्रेकच्या दांड्याला शेवटी एक नट असतो.
हातानं फिरतो, पाना लागत नाही.
शू झिजले की अर्धा फेरा आवळायचा,
ब्रेक परत लागायला लागतो.
दिवाळीत आवळला. संक्रांतीला आवळला.
फेब्रुवारीत दिगू म्हणाला, बाबा, पायडल फार खाली जातंय.
मी वाकून बघितलं आणि म्हणालो,
अजून एक आटा आहे.

तीस वर्षं खडकीच्या कारखान्यात फिटर होतो.
केसभर फरकासाठी जॉब परत पाठवायचो,
पोरं मागून शिव्या द्यायची.
आणि घरच्या गाडीला: आटा आहे.
शूची जोडी केवढ्याला येते, ते विचारू नका.

सासवडहून येताना, बोपदेव घाटाच्या उतारावर,
आटे संपले.

पायात रॉड घातलाय. पावसाळ्याच्या आत चालेल, म्हणतात.
सात आठवडे झाले, तो माझ्याशी बोलला नाही.
त्या विषयावर नाही, कुठल्याच नाही.
मीठसुद्धा हर्षदाकडे मागतो,
बरणी माझ्यापुढे असली तरी.

सोमवारपासून हर्षदा गाडी नेणार, भोसरीला.
म्हणून शनिवारी दापोडीच्या आमच्या पार्किंगमध्ये
पोतं अंथरून ती बसली.
माझे हात थरथरतात, वर्ष झालं,
तेव्हा पाना तिच्याकडे, बॅटरी माझ्याकडे.
उजेडही थरथरतो.
असू द्या, म्हणाली, आजूबाजूचंही दिसतं.

एक्सलचा नट गंजून बसलेला.
पाय दे पान्यावर, वजन टाक.
किंचाळला आणि सुटला.
चाक निघालं, प्लेट हातात आली,
आत दोघे करंजीच्या कडांसारखे,
स्प्रिंगांनी एकमेकांना धरून.
अस्तर कुठंच नव्हतं.
नागडं ॲल्युमिनियम, त्यावर ड्रमनं मारलेले चरे.
तिनं एकावरून बोट फिरवलं
आणि ते पदर नसलेल्या ड्रेसला पुसलं.
फुंकर मारायला वाकली तेव्हा मात्र मी ओरडलो:
ती धूळ छातीत जाते! ओल्या फडक्यानं घे.

नमुना घेऊन पीएमटीनं नाना पेठेत गेलो.
हातिमभाईनं जुनी जोडी तळहातावर तोलली,
चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.
"काका, यावर गाडी थांबत होती,
का तुम्ही समोरच्याला थांबवत होता?"
दुकानात दोघं हसले. मीही हसलो.
सुट्टे पैसे मोजायला मला वेळ लागला.

संध्याकाळी ड्रम घासला, पॉलिश पेपरनं.
कॅमला ग्रीस: हरभऱ्याएवढं नको गं, मोहरीएवढं.
अस्तराला लागलं तर सगळं फुकट.
दोन्ही शू अर्धवट उघड्या पुस्तकासारखे धर,
स्प्रिंगा अडकव, आता बस त्यावर, दाब.
पहिल्यांदा स्प्रिंग उडाली ती कुलथ्यांच्या गाडीखाली.
दुसऱ्यांदा तिच्या अंगठ्याचं साल गेलं.
तिसऱ्यांदा खट्ट आवाज झाला.
तो आवाज मी तीस वर्षं ओळखतो.
ती मात्र दचकून माझ्याकडे बघत राहिली,
काही मोडलं की काय म्हणून.

चाक बसलं. दांडा बसला.
नट दोन-चार फेऱ्यांतच थांबवला, पायडल बोटभर खाली.
पुढचे सगळे आटे मोकळे,
बघून मला उगाच कसंतरी झालं.

तेवढ्यात वरून, दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून,
वॉकर सरकल्याचा आवाज. मग तो:
"बाबा, मागचा लाइट लागतोय का बघा.
स्विचची स्प्रिंग विसरता तुम्ही."

विसरलो होतो खरंच.
हर्षदानं ती अडकवली, चावी फिरवली, पायडलवर पाय ठेवला.
मी बॅटरी विझवली.
भिंतीवर, पाण्याच्या मीटरवर, माझ्या चपलांवर लाल.
तिनं पाय काढला. परत ठेवला.

"लागतोय," मी म्हणालो.
जरा मोठ्यानंच, वर ऐकू जावं म्हणून.