हाताखालची गोधडी

प्रभू, डॅन्यूब जिथे फाटत फाटत समुद्राला मिळते
तिथला मी, तेरेंती, मासेमार,
तुझ्या देवळात डाव्या भिंतीला उभा राहणारा.
उद्यापासून मोठा उपास.
आज क्षमेचा रविवार,
घराघरांत लोण्याचा शेवटचा वास.

आमची रीत तुला ठाऊक आहे:
प्रत्येकानं प्रत्येकापुढे भुईला कपाळ टेकवायचं,
"ख्रिस्तासाठी मला क्षमा कर,"
आणि समोरच्यानं म्हणायचं,
"देव करील. तूही मला कर."
सोळा वर्षं मी हे म्हणत आलो.
कशासाठी, ते कुणी विचारत नाही.
रीत दयाळू आहे; रीतीच्या आड माणूस बरा लपतो.

त्या नोव्हेंबरात
लव्हाळ्यांवर धुकं असं बसलं होतं
की वल्ह्याचं पातं दिसेना.
धुक्यातून सावाची हाक आली. माझं नाव. दोनदा.
आमचं बोलणं तुटलेलं,
बेचाळीस किलो माशांवरून,
आणि बापाची होडी कुणाची, यावरून.
मी वल्ही पाण्याबाहेर धरली.
पाणी टपटपत होतं, तेवढंच ऐकलं.
तिसरी हाक आली नाही.

गावाला सांगितलं, वारा उलटा होता.
वारा नव्हताच, प्रभू. तसल्या धुक्यात वारा कुठला.

फेवरोनियानं त्याच्या सदऱ्याचे तुकडे जोडून
प्रार्थनेची गोधडी शिवली, वीतभर,
दंडवत घालताना हात भुईला लागू नयेत,
स्वच्छ राहावेत म्हणून.
आणि दिली मला. धाकटा दीर म्हणून.
रोज सकाळ-संध्याकाळ
त्याच्या निळ्या पट्ट्यांवर मी हात टेकवतो
आणि म्हणतो, दया कर.
हात स्वच्छ राहतात.

आज तिच्या दारात गेलो तेव्हा ती तव्याशी होती.
दंडवत घातलं. वाक्य म्हटलं. मग उठलोच नाही.
भुईकडे तोंड करून सांगितलं,
दोन हाका, वल्ही, टपटप, सगळं.
धिरडं करपल्याचा वास आला.
कितीतरी वेळ ती काही बोलली नाही.
मग तवा उतरवल्याचा आवाज,
गुडघे भुईला लागल्याचा आवाज.
मी वर पाहिलं नाही; पण तिचं कपाळ
माझ्या कपाळासमोर, हातभर अंतरावर.

"देव करील," ती म्हणाली.
"मी अजून नाही."
आणि जरा थांबून,
"त्याला विचार, मला जमेल का."

म्हणून विचारतो.
स्वतःसाठी मागायला आलो होतो,
विसरलोय असं नाही. पण आधी तिचं बघ.
गोधडी तिच्या उंबऱ्यावर ठेवून आलोय.
आज हात उघड्या फरशीवर आहेत,
गार आहे, बुटांची वाळू टोचते,
आणि बाहेर, धक्क्याकडून,
कोण कुणाला कोण जाणे,
हाक मारतंय.

थांब, प्रभू.
आलो रे, आलो.