वायसर

दिवसभर मी लोकांना सांगते, हलू नका.
हनुवटी थोडी खाली. कान दिसू द्या.
पोलीस भरतीची पोरं, पासपोर्टवाले,
स्थळासाठी आलेली घामेजली मुलगी,
सगळ्यांना पस्तीस बाय पंचेचाळीसमध्ये बसवते
आणि शटर ओढून मसाईच्या पठारावर जाते
काहीतरी न हलणारं शोधायला.

तेच हलतं सगळ्यात जास्त.

अमावस्या. आग्नेयेला कोल्हापूरचा उजेड
निवलेल्या चहावरच्या सायीसारखा.
गुऱ्हाळाचा धूर इथवर पोचत नाही, मफलरला मात्र वास आहे.
मृगाच्या पायापाशी निघते यमुना,
पाण्याविना, ठिपक्या-ठिपक्यांनी दक्षिणेकडं उतरणारी,
तिच्या काठाला पंधराशे पस्तीस नंबरची
एक अभ्रिका. नाव ग्रहीय. ग्रहाशी संबंध शून्य.
कुणाला तरी जुन्या दुर्बिणीतून ती गोल दिसली
आणि आमच्या गल्लीत होतं तसं झालं:
टोपणनाव पडलं ते पडलं.

आरसा आठ इंची. खालची बैठक
उद्यमनगरातल्या बाबालाल शिकलगारांची,
पितळी चक्र, एकशे ऐंशी दाते, त्यात बसलेलं वर्म.
ऑर्डर देताना त्यांनी विचारलं होतं, आरपीएम किती?
दिवसाला एक, म्हटलं.
एवढा आळशी जॉब आयुष्यात आला नव्हता त्यांना.

आज ते स्वतः आलेत. स्कूटरवर मागं बसून, कानटोपी घालून,
जॉब चालतोय कसा ते बघायला.

तीस सेकंदांचा एक फोटो. असे तीनशे.
स्क्रीनवर खुणेचा तारा शांत बसतो
आणि मग कुणी कोपर मारावं तसा सरकतो.
हे काय?
वारं, चाचा.
ते गप्प. मनगटाजवळ टॉर्च नेऊन घड्याळ बघतात.
तारा जागेवर येतो, थांबतो, पुन्हा सरकतो.
आठ मिनिटं, म्हणाले.
वारं घड्याळ बघून येत नाही, पोरी.

मग मी दुर्बिणीला झाकण लावलं.
काळोखाचेही फोटो काढावे लागतात,
तेवढेच सेकंद, तेवढ्याच थंडीत,
नंतर वजा करायला.
त्या बंद झाकणाच्या वेळात ते बोलले.
त्या महिन्यात उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरत होता.
पोराला सांगितलं नव्हतं, लेथ काढून घेतला असता.
वर्माचं सेंटर गेलं असणार. केसाच्या निम्म्यानं.
बोटानं बघितलं होतं मी, म्हणाले,
बोटाला बरोबर वाटलं.

अठ्ठ्याऐंशी फोटो बाद झाले. उरलेले एकावर एक रचले.
आधी नुसता डाग. मग हिरवट निळा.
मग डागाला कड आली, कडेच्या आत दुसरी कड,
मधोमध टाचणीच्या टोकाएवढा तारा.
म्हातारा होत अंगावरचं सोडत गेलेला.
हा उजेड निघाला तेव्हा लोखंडाला भट्टी ठाऊक नव्हती.

एवढंच?
एवढंच.
शेंगदाण्याएवढं तर हाय.
ते वाकले, चष्मा कपाळावर, नाक स्क्रीनला टेकेस्तोवर.
वायसर हाय, म्हणाले.
आणि बऱ्याच वेळानं:
भोक सेंटरला नाही बघ याचं.

मी मोठं करून पाहिलं. मोठं केलं की चौकोनच दिसतात.
मला सांगता आलं नाही.

पुढच्या आठवड्यात वर्म सोडवून त्यांच्याकडं दिलं.
रुमालात बांधून घेतलं त्यांनी, अंड्यासारखं.
दोन दिवसांनी दुकानात आले,
पांढऱ्या पडद्यापुढच्या स्टुलावर बसले,
फोटो काढायला नाही, गुडघे दुखतात म्हणून.
त्याची कॉपी दे. पासपोर्ट साईज.
एका शीटवर आठ बसतात, चाचा.
बसू देत.
आणि हललेलाही एक दे त्यात.
तो बाद केला की मी, हललेला होता म्हणून तर.
तोच म्हणतोय.

चाळीस रुपये मोजून काउंटरवर ठेवले.
मी नको म्हटलं.
का? म्हणाले. फोटोच हाय न्हवं?