इंचाला आठ टाके

चौबळबाईंनी ते पिशवीतून काढलं
आणि ठेवलं माझ्या पुढ्यात, चपलांच्या शेजारी.
"वडिलांचं. अबकारी खात्यात होते.
कळव्यापासून बेलापूरपर्यंत खाडीकाठच्या भट्ट्या शोधायचे.
रिव्हॉल्वर सरकारजमा झालं, हे राहिलं.
भाच्याला काचेच्या पेटीत लावायचंय,
शिवण तेवढी करून द्या."

मी जांभळी नाक्यामागे बसतो.
बॅगांच्या चेन, मोबाईलची पाकिटं, तुटलेले अंगठे
(चपलांचे).
रिव्हॉल्वरचं म्यान हाती पहिल्यांदाच आलं.

शिवायचं तर आधी उसवावं लागतं.
उसवताना कळतं, करणाऱ्यानं आधी काय केलं, मग काय.
पट्ट्याचा कान आधी पाठीला लावलेला,
पोट नंतर मिटलेलं;
उलटं केलं असतं तर हात आत गेला नसता.
दोन पाकळ्यांच्या मध्ये कातड्याचीच चिंचोळी पट्टी,
नळीवरची माशी दोऱ्याला कापू नये म्हणून.
तळाला मसुराएवढं भोक,
खाडीचं पाणी शिरलंच तर त्याला वाट.
आणि झाकण एवढं मोठं की मूठही आत लपावी.
झटकन उपसायची घाई इथे कुणालाच नव्हती,
भीती होती ती खाऱ्या वाऱ्याची.

इंचाला आठ टाके.
दोन सुया, एक दोरा,
एकाच भोकातून समोरासमोर येऊन गेलेल्या.
सुदामकाका असंच शिवायचे.
मशीन आलं तेव्हा म्हणाले, मशीनचा दोरा चुगलखोर,
एक धरला की बाकीच्यांची नावं सांगतो.

कातडं बाभळीच्या सालीत कमावलेलं.
ते पाण्यात सोडायचं, बुडबुडे थांबेस्तोवर,
मग आत लाकडी फर्मा सारायचा
आणि बाहेरून हाडाच्या तुकड्यानं घासत राहायचं,
सहा गोळ्यांच्या चाकाचा फुगवटा वर येईपर्यंत.
वाळवायचं सावलीत.
करणाऱ्यानं जन्मात एक गोळी झाडली नसेल,
पण पोकळी बरोब्बर केली.

दोन्ही पाकळ्या उघडून दिव्याखाली धरल्या.

लोखंड वर्षानुवर्षं राहिलं की आत खुणा करतं.
चाकाच्या जागी चकाकी,
माशीनं ओढलेली रेघ, तेलाचा काळपट वास.
इथे त्यातलं काहीच नाही.
चाकाच्या जागी कातड्याची लव अजून उभी.
खाली मात्र दोन बारीक दांड्यांचे वळ,
एका टोकाला जुळलेले,
आणि भोवती तांबूस डाग.
वास घेतला.
कात.

पानातला कात, आणि तळाच्या भोकात
सुपारीचं एक खांड, गच्च,
इतकी वर्षं पाण्याची वाट अडवून बसलेलं.
अहो साहेब, कातानंही कातडं कमावतात,
ठाऊक होतं का तुम्हाला?
बाकीचं म्यान खाडीनं खाल्लंय,
तेवढा डागाचा भाग अजून चिवट आहे.

बाई बुधवारी आल्या,
भाच्यानं मागवलेलं प्लॅस्टिकचं रिव्हॉल्वर घेऊन.
"हे घट्ट बसायला हवं."
बसेल, म्हटलं, पुन्हा भिजवलं तर.
पण मग आधीचा आकार जाईल.
"कुठला आकार?"

सांगायचं नाही असं रात्री ठरवलं होतं.
मी दाखवला.

त्यांनी चष्मा पुसला.
बोट वळांवरून गेलं, सांध्याशी थांबलं.
"आईचा अडकित्ता," त्या म्हणाल्या.
आणि बऱ्याच वेळानं,
"त्यापायी कामवालीला काढलं होतं."

नाव काय तिचं, मी विचारलं.
त्यांना आठवेना.

मी सुया ओवल्या.
न भिजवता, जुन्याच भोकांतून,
मधली एक फाटली होती ती सोडून.
झाकण लावलं, पितळी बोंडी टक् करून बसली.
बाईंनी म्यान पदराखाली धरलं,
रिव्हॉल्वर पिशवीत, कोथिंबिरीवर.