पुस्तकांची बोट येईपर्यंत

दोन्ही संपली.
एक काल रात्री, दुसरं आज बटाटे सोलता सोलता.
त्यामुळे शेवटच्या पानावर ओल्या अंगठ्याचा ठसा आहे,
आणि बोटीवरच्या हाल्डिसबाईंना तो दिसणारच.

जाड्या पुस्तकात सुरुवातीलाच नकाशा.
सात राज्यं, एक गोठलेली नदी,
आणि कोपऱ्यात, जिथे काढणाऱ्याचा हात दुखायला लागला असावा,
नुसतंच लिहिलंय, 'इथून पुढे कोणी गेलेलं नाही.'
तिथे मी बराच वेळ बोट ठेवून बसले.
टीव्हीवर हवामान सांगतात तेव्हा आमचं बेट
नेमकं त्या बाईच्या कोपराखाली येतं.

नायक अर्थातच अनाथ.
अनाथांचं बरं असतं,
निघताना लोकरीचे मोजे किती घेतलेस
असं कोणी विचारत नाही.
माझी आई धडधाकट आहे, मोजे मोजते,
आणि मोजताना माझ्याकडे बघत नाही.

त्याच्यासाठी भाकीत होतं,
तलवार त्याला नावाने हाक मारायची.
मला शाळेचं पत्र आलंय.
ऑगस्टपासून शहर, अकरावी,
तळघरातली भाड्याची खोली, खिडकी एक,
मांजर चालणार नाही.
आमच्याकडे सोळाव्या वर्षी सगळेच जातात.
तॉर्मुद गेला. आता सुट्टीत येतो
आणि स्वतःच्याच स्वयंपाकघरात उभा राहून विचारतो,
कप कुठे ठेवता तुम्ही?
तुम्ही!

ड्रॅगन सहाशे अकराव्या पानावर मेला.
मरू दे. मी रडले ती फार आधी,
त्याने खेचराला वेशीवर मोकळं सोडलं तेव्हा.
पाठीवर थाप मारली, जा म्हणाला,
आणि स्वतः राज्य वाचवायला निघून गेला.
पुढे सिंहासनं, मेजवान्या, दोन लग्नं,
आणि खेचरासाठी एक ओळ नाही.
शेवटपर्यंत शोधली मी.

पातळ्या पुस्तकात काहीच घडत नाही.
एक मुलगी, एक उन्हाळा, वडिलांचं बंद पडलेलं गॅरेज.
ती केस कापते, वेडेवाकडे.
जिवाभावाच्या मैत्रिणीशी बोलणं थांबतं,
का ते तिलाही कळत नाही.
शेवटी बस येते. ती चढते. झालं.
मी पान उलटलं. कोरं.
त्याच्यामागे छापखान्याचा पत्ता.
अगं पण दुसऱ्या दिवशी सकाळी तू खाल्लंस काय?
नव्या दाराची किल्ली
डावीकडे फिरते की उजवीकडे, कोणी दाखवलं?

दहावीत आम्ही दोघंच, मी आणि ब्रागे.
ब्रागेला विचारलं, तिचं पुढे काय झालं असेल?
तो जाळ्याची गाठ सोडवत होता.
म्हणाला, बसमध्ये झोप लागली असेल.
मला त्याचा राग आला,
मग रात्री अंथरुणात पडल्यावर पटलं.
जाताना माणूस झोपतही असेल,
तोंड उघडं टाकून, काचेला डोकं टेकवून.

परवा सूर्य आला, दोन महिन्यांनी,
डोंगराच्या खाचेतून सात मिनिटं.
शाळेत गोड बन वाटले, आम्ही अंगणात उभे राहून खाल्ले.
दांड्यांवर कॉड वाळत घातलेत, जोडीजोडीने, शेपटीला बांधून.
उद्या बोट येईल.
हाल्डिसबाई विचारतील, कशी होती?
मी नेहमीसारखं म्हणेन, छान.

म्हणून आत्ताच, आई गोठणघरात आहे तोवर,
पेन्सिल काढली.
जाड्या पुस्तकात शेवटी जागाच नव्हती,
पुठ्ठ्यापर्यंत सगळी वंशावळ.
मग पातळ्यातल्या कोऱ्या पानावर,
बारीक अक्षरात, पुसता येईल इतपत दाबून लिहिलं :
'खेचर घरी पोचलं. रात्र झाली होती.
कोणीतरी उठून त्याला पाणी दिलं.'

पुढच्या वाचणाऱ्याला काही कळणार नाही.
गॅरेज, बस, आणि हे कुठलं खेचर?
विचारू दे त्याने हाल्डिसबाईंना.
त्या चष्मा कपाळावर चढवतील,
अंगठ्याचा ठसा बघतील,
आणि तोपर्यंत ऑगस्ट उलटून गेलेला असेल.